आहुप्याच्या गाडीतली पेन्सिल

मंचरच्या सायबर कॅफेत माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर आहुप्याच्या गाडीचा कंडक्टर बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. इंटरनेट तेव्हा नवं होतं आणि आम्ही दोघं एकाच मराठी संकेतस्थळावर असायचो. मी तिथे टोपणनावाने कथा लिहायचो आणि दुसऱ्यांच्या चुका चारचौघांत काढायचो.

त्याची रीत वेगळी. तिथली एखादी कथा कॅफेतच छापून घ्यायची, घडी करून खाकी खिशात टाकायची आणि तिकिटं देऊन झाली की गाडीत मोठ्याने वाचायची. "काय म्हनला, राव?" असं कुणी विचारलं, की त्या वाक्यावर पेन्सिलीची खूण. दुसऱ्या दिवशी तो एका बोटाने टाइप करत लेखकाला एकट्यालाच कळवायचा, तेही आधी काय आवडलं ते सांगून.

एकदा त्याच्या हातात माझीच कथा दिसली, आईच्या शेवटच्या दिवसावरची. पानभर खुणा बघून मला रागच आला. शेवटचं वाक्य तर धड पूर्णही झालं नव्हतं, आणि नेमकं तेच त्याने सोडलेलं! कथा माझी हे न सांगता मी तिथे बोट ठेवलं.

"हे चुकलंय की. दिसलं नाही?"

"दिसलं ना, भाऊ," पेन्सिल कानावर ठेवत तो म्हणाला. "पन तिथं समदी गाडी गप झाली व्हती. तिथं मी पेन्सिल लावत न्हाई."

पुढे ती कथा पुस्तकात आली, तेव्हा प्रूफं तपासणाऱ्याने त्या वाक्याखाली लाल रेघ मारली. मी ती रेघ खोडली.