खिशातल्या गोळ्या

खिसा चाचपल्याशिवाय कपड्याला इस्त्री टेकवायची नाही, हा इस्त्रीवालीचा नियम. खिशांतून तिला गल्लीतल्या प्रत्येकाची कुंडली कळायची, आणि ती तोंडावर सांगायला ती कुणाच्या बापाला भीत नसे.

निवृत्त स्टेशनमास्तरांच्या शर्टाच्या खिशात एकदा गोळी निघाली. एकाच नव्हे, पाचही शर्टांत एकेक. पुढच्या आठवड्यातही तेच! मधोमध रेघ असलेली ती रक्तदाबाची गोळी तिने लगेच ओळखली. तिचा नवरा ह्याच गोळ्या चुकवता चुकवता अंथरुणाला खिळला होता. "अगं बाई! एवढे शिकलेसवरलेले, आणि ही थेरं?" तिचं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने मास्तरांचं घर गाठलं. मास्तर फिरायला गेले होते. काकूंच्या हातावर गोळ्या ठेवून तिने सगळं घडाघडा सांगून टाकलं. काकू मटकन खाली बसल्या. "रोज मी स्वतः हातावर देते गं," म्हणत हमसून हमसून रडल्या. इस्त्रीवालीला वाईट वाटलं, पण आता तरी म्हातारा ताळ्यावर येईल, असं म्हणत ती परतली.

दुपारी मास्तर कपडे न्यायला आले, तशी ती त्यांच्यावर तुटूनच पडली. "मरायचंय का तुम्हाला? काकूंचा तरी विचार करा!"

 मास्तर हळूच म्हणाले, "सकाळची गोळी मी न चुकता घेतो हो. पण अर्ध्या तासाने ही पुन्हा आणते. दिलेली लक्षातच राहत नाही तिच्या. 'घेतली' म्हटलं की घाबरते, रडते. म्हणून तोंडाशी नेल्यासारखं करतो आणि खिशात टाकतो. तिला ह्यातलं काही कळू देऊ नका."

इस्त्रीवालीच्या पायाखालची जमीनच सरकली. "अहो, मी सकाळीच सांगून आले त्यांना!"

मास्तर पांढरेफटक पडले. ते तडक घराकडे निघाले. दुकान तसंच उघडं टाकून तीही त्यांच्यामागे धावली. काकूंचे पाय धरायचे, माफी मागायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दार काकूंनीच उघडलं. चेहरा हसरा.

"काकू, सकाळी मी जे बोलले ना..."

"सकाळी?" काकू म्हणाल्या. "अगं, महिनाभर फिरकली नाहीस की इकडे! ये, बस."