सत्तर सालाआधीची माणसं

काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकते आहे. रस्ता अडवून बसलेला बैल निवांत डोळे मिचकावतो ना, अगदी तशी. गावच्या शाळेचा जुना पट मी संगणकात चढवतोय, आणि तो प्रत्येक जन्मतारखेला म्हणतोय, 'तारीख मर्यादेबाहेर'. बटणांवरची अक्षरं बोटांना चिकटून येईपर्यंत मी आज्ञा टाइप केल्या. शेवटी कळलं, की एक जानेवारी एकोणीसशे सत्तर चालते. त्याच्या आदल्या दिवशी, यंत्राच्या मते, सूर्यच उगवला नव्हता! ही मर्यादा घालणाऱ्याला आपल्याआधी कुणी जन्मलं असेल, असं वाटलंच नसेल का?

शेजारी सखुआत्या बसली आहे. ती एकच वर्ष शाळेत गेली. त्याचा पुरावा म्हणजे हा पट. नव्या यादीत आपलं नाव बघायला ती सकाळपासून आली आहे.

"आत्या, सत्तर साल घालू? पण मग तू तुझ्या थोरल्या लेकाहून धाकटी होशील."

"मुडद्या, मास्तरांनी अख्ख्या वर्गाची एक जून लिहिली, तेव्हा कुणी रडलं का? मला वय नको, शाळा पाहिजे. घाल!"

मी घातलं. नाव उमटलं. आत्यानं पडद्यावर बोट ठेवून, अक्षराला अक्षर जुळवत ते तीनदा वाचलं.

पटावरची पुढची कितीतरी माणसं आता हयात नाहीत. त्यांचं साल बदलू का, हे मी कुणाला विचारू?