सिंगापूरहून पुढं जकार्ता

वाट विचारायची लाज जिजींना कधी वाटली नाही. सुरतेजवळ उधन्याच्या चाळीत त्या आमच्या शेजारी राहायच्या; मूळच्या खानदेशातल्या, बोलणं अहिराणी. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण बमरोलीत कुणाचं बारसं असो की पलसाण्याला कुणाचं दुखणं, एकट्या निघायच्या नि बरोबर पोचायच्या. "तोंड शे ना आपल्याला?" म्हणायच्या.

त्यांची लेक सुनंदा लग्न करून जकार्त्याला गेली होती. जावई तिथल्या कापड गिरणीत मास्टर. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. सुनंदाला सातवा लागला आणि कोपऱ्यावरच्या एसटीडीवर जावयांचा फोन आला. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून हलू नको म्हणून सांगितलं होतं, आणि जावयांना रजा मिळत नव्हती. फोन ठेवून जिजी म्हणाल्या, "मी जासू."

त्यांचे यजमान, आबा, कामावरची पाळी संपवून आले ते हबकलेच. "तू? एकटी? समुद्रापार?"

"मनी पोर शे ती. तिना जवळ कोन शे?"

पासपोर्ट लेकीच्या हट्टापायी आधीच काढलेला होता. तिकिटाला मी सोबत गेले. गुजराती एजंट म्हणाला, सरळ विमान नाही. सिंगापूरला उतरून दुसरं धरायचं.

"सिंगापूरहून पुढं किती लांब?"

"नवशे किलोमीटर, माजी. पोणे दोन कलाक, दोन तास बी नाही."

जिजींनी बोटांवर हिशेब केला. "मंग भुसावळच्या पॅसेंजरपेक्षा लवकरच. काढ तिकीट."

सिंगापूरला, जिजी नंतर सांगायच्या, जकार्त्याचं विमान धरायचं गेट ऐनवेळी बदललं. बाकावरची माणसं उठून गेली, जिजी एकट्याच उरल्या. गणवेशातल्या एका बाईचा हात धरून त्या म्हणाल्या, "जकार्ता." तिनं लांबवर बोट दाखवलं. जिजींनी हात सोडला नाही. "बोट नको दाखवू बाई, चालून दाखव," असं चक्क मराठीत सांगितलं. ती बाई हसली आणि थेट विमानापर्यंत घेऊन गेली.

त्या पोचल्या तेव्हा बाळ होऊन गेलं होतं, आणि वाचलं नव्हतं. सुनंदा भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेवत नव्हती, बोलत नव्हती. जिजींनी तिला न्हाऊ घातलं, मऊ भात भरवला आणि चालण्याइतकं बळ येताच जावयांना सांगितलं, "हिला घेऊन जाते. बरी झाली की धाडते." परतताना सिंगापूरला सुनंदा मटकन खाली बसली; म्हणाली, मला कुठंच नाही जायचं. जिजींनी तिला काखेत धरून उठवलं आणि विचारत विचारत मुंबईच्या विमानात बसवलं.

चाळीत सुनंदा हळूहळू माणसांत आली. जावयांचे फोन येत. ती "येते" म्हणायची आणि राहून जायची. शेवटी जिजींनीच तिचं तिकीट काढवलं. मुंबईला विमानापर्यंत आबा सोबत जाणार होते. सुरत स्टेशनवर जिजींबरोबर मीही पोचवायला गेले; तिथं सुनंदानं आईचा पदर धरला. "माय, तू बी चल ना."

"नाही. तिथं तुझा नवरा वाट पाहतोय. रडायचं तर त्याच्याजवळ रड, त्याचं बी लेकरू होतं ते."

गाडी हलली. सुनंदानं खिडकीतून हात बाहेर काढला. जिजींनी गाडीबरोबर चालत-पळत तो हात फलाट संपेपर्यंत धरून ठेवला. मग तिथल्याच बाकावर बसून तोंडात पदर कोंबून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरी गाडी येऊन लागली तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि उठल्या.

"चल वं, पोरी. नळाचं पाणी जाईल."