काकू बसल्या की बंद पडणारी गाडी

"सेन्सर नवा आहे, काका. परत बदलून काही होणार नाही," मी म्हणालो.

राऊतकाका बॉनेटवर हात ठेवून उभे होते. निर्मळ गावात त्यांची केळीची आणि फुलांची वाडी आहे. गाडी जुनी, पण निगा उत्तम. तक्रार एकच, चालता चालता इंजिन एकदम बंद. धक्का नाही, आवाज नाही. थोडं थांबून चावी फिरवली की पुन्हा सुरू.

चंदनसारला माझं गॅरेज आहे. गाड्यांच्या वायरी आणि सेन्सर यांचंच काम करतो. स्कॅनर लावला तर क्रँक सेन्सरचा कोड आला. हा सेन्सर म्हणजे इंजिनाची नाडी बघणारा. इंजिन किती वेगाने फिरतंय ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला सतत कळवतो. निरोप थांबला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिनच थांबलं, आणि तो पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही तोडतो.

आधीच्या मेकॅनिकने तो बदललाही होता. पण कोड आला म्हणजे सेन्सरच खराब असतो असं नाही. निरोप नेणारी वायरही तुटलेली असू शकते. मी मीटर लावला, इंजिनाजवळच्या वायरी हलवून पाहिल्या, सेन्सरला गरम हवा दिली. इंजिन आपलं मजेत चालू. एकट्याने लांब ट्रायल घेतली, मग काकांना चालवायला लावलं. काही नाही. शेवटी पिन साफ करून गाडी दिली.

आठवड्याभरात काका परत आले, एकटेच.

"पुन्हा बंद पडली. विरारच्या पुलावर. मागे बस, हॉर्नवर हॉर्न. ही घाबरून रडायला लागली." मग जरा चाचरत म्हणाले, "एक सांगू? हसू नकोस. मी एकटा असलो की कधीच बंद पडत नाही. ही बसली की पडते."

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

"ती आता गाडीत बसतच नाही," ते म्हणाले. "माझा पायगुणच तसा, म्हणते. नायगावला तिची मोठी बहीण आहे. अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. हिने जवळ बसून घरच्या बोलीत बोललं की तेवढे दोन शब्द तोंडातून येतात. दर आठवड्याला आम्ही जायचो. ट्रेनचे जिने हिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. रिक्षाने एवढं लांब हाडं खिळखिळी होतात. आता जाणं बंद आहे."

"काका, गाडी घरी न्या. उद्या सकाळी मी येतो. काकूंना तयार राहायला सांगा."

काकू तयार नव्हत्या. मी पोचलो तेव्हा ओटीवर अबोलीच्या फुलांचा वळेसर गुंफत बसल्या होत्या. चहा दिला, वाडीतली केळी पुढे केली, पण गाडीचं नाव काढलं की मान हलवायच्या.

"तू जा ह्यांना घेऊन. मी आले की ती बंदच पडणार."

"तेच तर पाहिजे काकू. बंद पडली नाही तर दोष सापडणार कसा? डॉक्टरकडे गेल्यावर नेमका खोकला थांबतो ना, तसं चाललंय माझं."

त्या थोड्या हसल्या. पदर खोचला आणि उठल्या.

काका चालवायला, काकू शेजारी, मी मागे मांडीवर लॅपटॉप घेऊन. स्कॅनरवर इंजिनाचे फेरे दिसत होते. देवळापुढे रस्ता अरुंद होतो. तिथे भाजीची टोपली लावलेली एक सायकल आडवी आली.

"अहो, हळू!" काकू ओरडल्या.

त्याच क्षणी स्क्रीनवरचा आकडा शून्य झाला. गाडी अजून पुढे सरकत होती, गिअरमध्ये होती, म्हणजे इंजिन फिरत होतं. पण कॉम्प्युटरला ते कळतच नव्हतं. निरोप वाटेत तुटला होता.

काकूंनी डोळे मिटून घेतले. "बघितलंस ना?"

मी मात्र त्यांच्या पायाकडे बघत होतो. उजवा पाय समोरच्या पत्र्याला घट्ट रेटलेला होता. ब्रेक दाबावा तसा.

"काकू, पाय जरा सैल करा. काका, स्टार्टर मारा."

गाडी सुरू झाली.

"आता पुन्हा दाबा."

बंद.

मॅट आणि खालचं कार्पेट उचललं. ह्या गाडीचा कॉम्प्युटर डाव्या बाजूला डॅशबोर्डच्या खाली असतो. त्याच्याकडे जाणारा वायरींचा जुडगा क्लिप तुटून खाली लोंबला होता, बरोबर त्यांच्या पायाखाली. त्यातल्या एका वायरीचं वरचं प्लास्टिक शाबूत, पण आतली तार तुटलेली. टोकं एकमेकांना टेकून होती. पाय दाबला की फाकायची.

"म्हणजे माझ्यामुळेच," काकू म्हणाल्या.

"क्लिप तुटल्यामुळे. तुमच्या पायाने ती जागा दाखवली. मी एकटा वर्षभर फिरलो असतो तरी मला सापडली नसती."

काका मात्र दुसऱ्याच विचारात होते. "तू पाय रोवून बसतेस? केव्हापासून?"

काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमची साखर उतरून गाडी चालवताना चक्कर आली होती ना, तेव्हापासून. मी हँडब्रेक ओढला होता."

"डॉक्टरांनी तपासून चालवायला परवानगी दिलीय मला."

"डॉक्टर नसतात ना शेजारी. मी असते."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही चालवणं सोडलं असतं. वाडीशिवाय कुठे जीव रमतो तुमचा? तेवढीच गाडीची हौस."

काकांनी स्टिअरिंगवरून हात काढला आणि काकूंच्या हातावर ठेवला. मला तिथून उतरून कुठेतरी जावंसं वाटलं. म्हणून डिकीत ठेवलेलं सोल्डरिंगचं सामान काढायला गेलो आणि लागतो त्याहून जास्त वेळ लावला.

काम साधं होतं. गाडी घरी आणून तुटलेली वायर जोडली, वर प्लास्टिकची स्लीव्ह चढवली, सगळा जुडगा उचलून नव्या क्लिपांनी वर बांधला. मग त्यांच्याच पडवीतल्या प्लायचा एक तुकडा कापून काकूंच्या पायाशी तिरका बसवला, वायरींपासून दूर.

"हा तुमचा ब्रेक," मी म्हणालो. "हवा तेवढा दाबा."

काकूंनी पाय ठेवून पाहिला. जोरात दाबला. इंजिन चालूच राहिलं. मग त्या उतरून घरात गेल्या, साडी बदलून, हातात केळ्यांची फणी घेऊन आल्या.

"चला नायगावला," काकांना म्हणाल्या.

संध्याकाळी काकांचा फोन आला. गाडी कुठेही थांबली नाही. बहिणीने काकूंना बघून आधी तोंड फिरवलं, इतके दिवस आली नाही म्हणून. मग नावाने हाक मारली. झटका आल्यापासून पहिल्यांदा. काकू तिथेच मुक्कामाला राहिल्या होत्या, काका एकटेच परत आले.

"एकट्याने चालवताना चैन पडेना रे," ते म्हणाले. "बाजूची सीट फार रिकामी वाटते."

तेव्हापासून गाडी तपासायला आली की स्कॅनर लावायच्या आधी मी विचारतो, गाडीत कोण कोण बसतं आणि कुठे बसतं. गिऱ्हाईकं चमकून बघतात. बघू देत. मॅन्युअलमध्ये तो प्रश्न नाही, पण असायला हवा होता.