धूर पुरायचं काम

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे उतरंड लावणं. खाटेच्या उशाशी मी पितळी घागर दोन्ही हातांनी धरली. बायकोनं घागरीच्या तोंडावर तांब्या उपडा घातला, तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी, आणि वाटीवर चमचा आडवा. तिचे हात कापायचे, म्हणून धरायचं काम माझं. दिवेलागणीला रोज हेच. जमीन हलली की चमचा पडतो, मागोमाग सगळं कोसळतं, आणि झोपलेल्या माणसाला बाहेर पळता येतं. भूकंपानंतर आमच्या भागात घरोघर असं करायचे. दोन-चार वर्षांत लोकांनी सोडलं. तिनं सोडलं नाही.

त्या संध्याकाळी चमचा ठेवता ठेवता ती म्हणाली, "हापिसात बसणाऱ्याला डोक्यावर टोप कशाला लागतो, आवं?"

लेकाबद्दल विचारत होती. आत्ताच त्याचा फोन झाला होता, तोंड दिसतं तसला. मी तिच्याशी खोटं बोललो होतो आणि ते तिला दिसलं होतं.

हे खोटं कुठून सुरू झालं ते सांगतो.

मी गवंडी. शाळा तिसरीपर्यंत. औशाच्या पुढं आमचं गाव होतं. घर मी स्वतः बांधलं, दगडमातीचं, दोन हात रुंद भिंती. लोक बघायला यायचे. गणपती बुडवून आलो, उकडत होतं म्हणून मी अंगणात पडलो. पहाटे ती बाहेर गेली होती, पोटुशी होती. चार वर्षांची पोरगी आत झोपलेली. जमीन हलली आणि भिंत सगळी आतच पडली. दुपारपर्यंत मी एकेक दगड हातानं काढला. कुठला दगड मी कुठं बसवला होता ते मला ठाऊक होतं. पोरगी सापडली तेव्हा तिच्या मुठीत आदल्या दिवशीच्या खिरापतीचं खोबरं होतं.

भिंत कुणी बांधली, हे ती मला कधी म्हणाली नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

लेक पत्र्याच्या शेडात जन्मला. हुशार निघाला, म्हणून दहावीनंतर त्याच्यासाठी लातूरला आलो, क्लासच्या गल्लीत. तेव्हा तिथं बघावं तिकडं क्लास उठत होते. परभणीची, बीडची, भोकरची, कुठली कुठली लेकरं यायची. ती त्यांचे डबे करायची आणि मी त्यांच्या होस्टेलांचे स्लॅब भरायचो. आम्ही मात्र पत्र्याखाली. स्लॅबच्या खोलीत ती पाऊल टाकायची नाही. मला टोमणा मारायची, "लोकाची लेकरं झोपवा तुमच्या स्लॅबखाली."

एकदा मागच्या वाड्यात बोअरची गाडी लागली. जमीन थरथरली, उतरंड कोसळली. ही हातात उलथनं घेऊन रस्त्यावर, आणि लेकाची कॉलर दुसऱ्या हातात. तो गणित करत बसला होता. सगळी गल्ली हसली. तेव्हापासून भांडं वाजलं की भिंतीपलीकडची शेजारीण ओरडायची, "काकू, आला का भूकंप?" ही पण आतनं उत्तर द्यायची, "आला की तुला आधी उठविते, भवाने, मग पळते."

लेक नांदेडला इंजिनेर झाला आणि पुढं कॅनडात गेला. तिथं काय करतो ते आम्हाला कळेना. पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा त्यानं करूनच दाखवलं. माझ्या ढिगातली मूठभर वाळू घेतली, गॅरेजातलं जळकं ऑइल आणून तिच्यात कालवलं, आणि हिच्या पातेल्यात गरम पाणी घालून घोळलं. काळा तवंग वर आला, वाळू बुडाशी बसली.

"दादा, तिथं विहिरीतनं तेल येत न्हाई. वाळूच अशी डांबरानं माखलेली हाय. खणायची, धुवायची, डांबर वर आलं की कारखान्यात तापवून त्याचं तेल करायचं."

"माझ्या पातेल्याचं काय केलास रे?" ती म्हणाली. "आता ह्यात भाजी शिजवून तुझ्या सायबाला घाल."

तो हसला आणि हसता हसता पुढचं बोलून गेला. ह्या कारखान्यांचा धूर लई. म्हणून त्यातला एक वायू धरून ठेवतात, दाबतात, नळातनं लांब नेतात आणि जमिनीत खोल सोडतात. बोअर जातं त्याच्याही कितीतरी खाली.

तिचं हसू गेलं. "जमिनीत धूर पुरतेत?"

"हाव माय. खाली भोकाभोकाचा दगड हाय, त्यात मावतो. वर घट्ट दगडाचं झाकण हाय. येत न्हाई वर."

"आमच्या घराला बी दगडच होता."

लेकानं माझ्याकडं बघितलं. मी वाळूकडं बघत बसलो.

"तू काय करतोस त्यात?" तिनं विचारलं.

"मी तेलाकडं हाय माय. धुराकडं न्हाई."

"जाऊ बी नको." असं म्हणून तिनं त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. त्यानं शपथ घेतली.

दोन वर्षांनी त्याला धुराच्या कामावरच मोठं केलं. मला फोनवर म्हणाला, "दादा, चांगलं काम हाय हे. घाण कमी करायचं काम हाय. मायला तुम्हीच सांगा, टाइम बघून." मी हाव म्हणालो. त्या दिवशी ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिनं विचारलं, काय म्हणतो? मी म्हणालो, बढती झाली, आता शहरात हापिसात बसतो. तिनं गल्लीत साखर वाटली. मग कसं सांगणार? उद्या सांगू, उद्या सांगू करत थंडीचे दिवस आले.

आणि ती संध्याकाळ. त्याचा फोन आला. आपली संध्याकाळ ती त्याची सकाळ. रोज तो खोलीतनं बोलायचा, त्या दिवशी कामावरनं बोलला. बहुतेक विसरला, किंवा त्याला वाटलं असेल की मी एव्हाना सांगितलंय. डोक्यावर पिवळा टोप, मागं बर्फ, आणि बर्फातनं सरळ जमिनीत उतरलेला जाड नळ. ती फोनवर नेहमीचंच बोलली. जेवलास का, कान झाक, एवढंच. फोन ठेवला आणि उतरंड लावायला उठली.

"थंडी असती तिकडं, म्हणून टोप," मी म्हणालो.

"लोखंडाचा?"

मी घागर धरून उभा.

"तुम्हाला वाटलं मी घाबरंन," ती म्हणाली. "घाबरतेच की मी. पण आवं, त्या वेळी मला कुणी सांगितलं न्हवतं. आता ठाऊक असलं तर मी इथनं जागी तरी राहीन त्याच्यासाठी."

"उद्या सांगतो सगळं."

"सांगा. पण उद्या खरं सांगा."

ती खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली. मी खाली अंथरूण टाकलं.

सकाळी मी आधी उठलो. असं कधी होत नव्हतं. चहा केला, कप तिच्याजवळ ठेवला, हाक मारली. पुन्हा मारली. खांद्याला हात लावला तर खांदा गार होता. उशाशी उतरंड तशीच्या तशी. चमचासुद्धा हलला नव्हता.

मला काय सुचलं देव जाणे. मी उतरंडीला लाथ घातली.

घागर फरशीवर आदळली, तांब्या गडगडत दारापर्यंत गेला, वाटी कितीतरी वेळ फिरत राहिली. एवढ्या आवाजाला ती केव्हाही उठायची. तापात असली तरी उठायची. मी वाटी थांबेपर्यंत बघत राहिलो.

पलीकडनं शेजारीण ओरडली, "काकू, आला का भूकंप?" आणि हसली. मग आतनं उत्तर येईना म्हणून दाराशी आली, कडी वाजवायला लागली. "काकू? ओ काका?"

मी दार उघडलं नाही. खाटेवर तिच्याजवळ बसलो आणि सांगितलं. तो हापिसात न्हाई. नळापाशीच हाय, धूर पुरायच्या कामावर, दिवाळीच्या आधीपासनं. शपथ त्यानं मोडली आणि खोटं मी बोललो. आणि ती भिंत मी बांधली होती, दोन हात रुंद, दगड दगडात गुंतवला नव्हता, नुसता मातीत बसवला होता. तेही सांगितलं.

मग उठलो, दारातला तांब्या बाजूला केला आणि कडी काढली.