पाण्याच्या दिवशी दिसणारा फोन

गेल्या वर्षी मी मोबाईल इतक्यांदा काढून बघत होतो की आमच्या कॉलेजच्या ऑफिसातल्या एक मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही शेअर बाजारात पडलाय का हो?" मी हसून वेळ मारून नेली. शेअर बाजार परवडला असता. मी आमच्या घरच्या वायफायची यादी बघत होतो.

राउटरबरोबर एक ॲप येतं. या क्षणी घरच्या वायफायला कोणकोण जोडलेलं आहे, ते त्यात दिसतं, तुम्ही कुठंही असा. आमच्या यादीत कायम दोन ओळी असायच्या, बायकोचा फोन आणि टीव्ही. संध्याकाळी मी घरी गेलो की तिसरी ओळ माझी. आणि मी घरी नसताना, अधूनमधून, एक ओळ मुलाच्या फोनची.

मुलगा चौदा महिन्यांपूर्वी घर सोडून गेला होता. लोकांना मी असंच सांगायचो. खरं म्हणजे मी त्याला घालवला. पदवी झाल्यावर त्यानं स्पर्धा परीक्षा द्याव्यात, सरकारी खुर्चीत बसावं, असं माझ्या डोक्यात होतं. तो एका सकाळी शिडी घेतलेल्या माणसांबरोबर खांबाखांबावर इंटरनेटच्या वायरी ओढायच्या कामाला लागला. मी म्हणालो, "खांबावर चढायला शिकवलं का तुला?" तो म्हणाला, "तुमचं ऑफिस ह्याच वायरींवर चालतंय की, पप्पा." उत्तर बरोबर होतं, म्हणूनच ते झोंबलं. माझं तोंड फार वाईट आहे. मी त्याला "नीघ" म्हणालो आणि तो निघाला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात एका मित्राबरोबर खोली घेऊन राहू लागला. घरातला राउटर त्याच्या आदल्याच महिन्यात त्यानं स्वतः बसवला होता, नाव आणि पासवर्डही त्यानंच घातला होता.

पहिल्यांदा ती ओळ दिसली तेव्हा मी ऑफिसात फीच्या पावत्या लावत होतो. सकाळचे साडेदहा. तो घरी आला होता आणि मी इथं बसलो होतो. संध्याकाळी बायको काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची एक पद्धतच पडून गेली होती.

मग मला त्या ओळीचं व्यसन लागलं. ती कोणत्या दिवशी येते, किती वेळ राहते, सगळं मी बघायला लागलो. कधी सकाळी यायची, कधी दुपारी, दीड तास राहायची, जायची. मग चार दिवस काही नाही. एका रविवारी चहा पिता पिता माझं लक्ष स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे गेलं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. चौथ्या दिवशी येतं, कधी पाचव्या, आणि नेमकं किती वाजता ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून बायको पाणी आलं त्या तारखेला गोल करते, म्हणजे पुढचा अंदाज बांधता येतो. ते गोल आणि माझ्या डोक्यातले त्याचे दिवस एकच होते.

तो पाणी भरायला येत होता. बायकोचे गुडघे दोन वर्षांपासून धरलेत. पिंप, घागरी, वर टाकीपर्यंत पाईप ओढून न्यायचा, खाली येऊन मोटार लावायची, पुन्हा वर जाऊन टाकी भरली का बघायची, हे ती एकटी कसं करते असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी घरी येऊन "पाणी भरलं का?" एवढं विचारायचो. ती "भरलं की" म्हणायची. मला स्वतःची लाज वाटली. तरीही मी तिला काही बोललो नाही. बोललो असतो तर त्याच्या येण्याबद्दलही बोलावं लागलं असतं.

पाणी दुपारी उशिरा आलं तर माझी पंचाईत व्हायची. साडेपाचला ऑफिसातून निघायचो, गाडीवर बसून ॲप उघडायचो, ओळ अजून तिथंच. मग चौकातल्या रसवंतीवर जाऊन थांबायचो. एक ग्लास, कधी दोन. ओळ गेली की पाच मिनिटं थांबून घरी. समोरासमोर आलो तर माझ्या तोंडातून पुन्हा काहीतरी जाईल आणि तो यायचा बंद होईल, याची मला खरोखर भीती वाटत होती. रसवाला माझी गाडी दिसली की न विचारता बर्फ न घातलेला ग्लास भरायला लागला.

आणि त्यातच राउटर बिघडला. मधेच बंद पडायचा, आपोआप चालू व्हायचा. ऑफिसात बसून मी यादी उघडायचो तर पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहायचं. तो आला की नाही, काही कळायचं नाही. पावत्यांवरचे आकडे चुकायला लागले. एकदा तर मी काहीतरी कारण सांगून दुपारी घरापर्यंत आलो, गल्लीच्या तोंडावरून परत गेलो. शेवटी कॉम्प्युटर लॅबच्या सरांना विचारलं, अर्थात खरं कारण न सांगता. ते म्हणाले, "फर्मवेअर जुनं झालंय. अपडेट मारा." फर्मवेअर म्हणजे त्या डबीला कसं वागायचं ते शिकवणारा, तिच्या आतच भरलेला प्रोग्राम, असं त्यांनी समजावलं. "फक्त अपडेट चालू असताना लाईट जाऊ देऊ नका. अर्ध्यात बंद पडलं तर बोंबला."

ते वाक्य मी फारच मनावर घेतलं. रविवार निवडला. पाणी शुक्रवारी येऊन गेलं होतं, म्हणजे मंगळवारपर्यंत मोटारीचा प्रश्न नव्हता. आमच्या गल्लीत पाणी आलं की घराघरातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं. त्यात आमची एक मोटार जळाली होती. तेव्हापासून मी घरात नियम केलाय, गल्लीत पाणी आल्याची हाक ऐकली की आधी फ्रिजचा स्टॅबिलायझर बंद करायचा, मग मोटार लावायची. बोर्डावर मार्करनं लिहूनही ठेवलंय.

त्या रविवारी व्होल्टेज वरखाली होऊ नये म्हणून मला एक शहाणपण सुचलं. राउटर बाहेरच्या खोलीतल्या फळीवरून काढला, वायर ताणून स्वयंपाकघरात आणला, फ्रिजचा प्लग काढला आणि स्टॅबिलायझरवर राउटर लावला. बायको मेथी निवडत बसली होती. तिला म्हणालो, "ह्याला हात लावायचा नाही. अर्धा तास कुणी फिरकायचंसुद्धा नाही हिकडं."

"मी कशाला लावू?" ती म्हणाली. "सारखं हात तुमीच लावताय त्याला."

सव्वाअकराला मी बटण दाबलं. मोबाईलवर टक्के चढायला लागले. बारा. वीस. एकतीस. मी स्टूल घेऊन राउटरसमोर राखणीला बसलो. शेजारचे माग खडखडत होते. पन्नास टक्के झाले तेव्हा मी पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. चौसष्ट झाले आणि पलीकडच्या घरातल्या काकूंनी दारातून हाक दिली, "नीळ्ळु वच्चिनै!" त्यांचं घर विणकरांचं, घरात तेलुगू. गल्लीतल्या सगळ्यांना बाकी तेलुगू येवो न येवो, पाणी आलं एवढं तेलुगू पाठ आहे. दोन दिवस आधीच आलं होतं.

मी उठलो. हात वर गेला, स्टॅबिलायझरचं बटण खाली केलं, आणि मी मागच्या दारानं मोटारीकडे पळालो. पाईप जोडला, मोटार घुर्र करून सुरू झाली. तेव्हा कुठं मला कळलं मी काय केलं ते.

आत आलो. राउटर मेलेला. बटण वर केलं तर एकच लाल दिवा लागला आणि लुकलुकत राहिला. बायकोनं राउटरकडे बघितलं, बोर्डावरच्या माझ्या अक्षराकडे बघितलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मला तिचा भयंकर राग आला, तिनं काही केलेलं नसताना.

पण पाणी थांबत नाही. दोन वेळा जिना चढलो, पिंप भरलं, घागरी भरल्या, धाप लागली. हे सगळं एरवी कोण करतं ते मला पायरीपायरीवर आठवत होतं. आज पाण्याचा दिवस होता आणि तो येणार नव्हता, कारण मी घरी होतो. बायको दोनदा दारात जाऊन गल्लीकडे बघून आली.

पाणी गेल्यावर लॅबच्या सरांना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून राउटरच्या मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन खुपसून धरली. तिसऱ्या प्रयत्नात हिरवा दिवा आला. पण सगळं पुसलं गेलं होतं. वायफायचं नाव म्हणून कारखान्यातली कसलीतरी अक्षरं आणि आकडे. सर म्हणाले, "काही नाही हो. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड घाला. फोनला पत्ताही लागत नाही, आपोआप जोडले जातात."

नाव मला पाठ होतं. पासवर्ड नव्हता. त्याचा फोन दारात आल्या आल्या आपोआप जोडला जायचा तो त्या पासवर्डमुळं. दुसरा घातला असता तर तो येत राहिला असता, पाणी भरत राहिला असता, आणि मला कधीच कळलं नसतं. माझ्याकडे त्याची तेवढी एकच खूण उरली होती, आणि ती मी माझ्या हातानं बंद केली होती.

"पासवर्ड काय होता गं?" मी बायकोला विचारलं.

"मला काय म्हाईत? त्यानंच घातलाय न्हवं."

मग मी अंदाज करायला बसलो. त्याची जन्मतारीख घातली, राउटर चालू व्हायची वाट बघितली, बायकोचा फोन जोडला जातो का बघितलं. नाही. गाडीचा नंबर. नाही. तिची जन्मतारीख, आमच्या लग्नाची तारीख, कॉलेजचं नाव. प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबायचं. बायकोनं ताट वाढलं, ते निवलं. साडेतीन वाजले. तिनं एकदाच म्हटलं, "त्याला इचारा की."

मी गच्चीवर गेलो. टाकीच्या सावलीत उभा राहिलो. नंबर काढला, बंद केला, पुन्हा काढला. तिसऱ्या रिंगला त्यानं उचलला.

"पप्पा?" त्याचा आवाज घाबरला होता. "आई बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. राउटरचा पासवर्ड काय होता?"

तो म्हणाला, "काय झालं राउटरला?"

मी सांगितलं. स्टॅबिलायझरचं सांगितलं तेव्हा तो हसला असं मला वाटलं. म्हणाला, "मग आता नवीन घाला की. जुना लई साधा हाय."

"जुनाच पाहिजे."

"कशाला पण?"

मला चिडायचं होतं. चिडता आलं असतं तर सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "तुझा फोन जोडला जाणार न्हाय मग."

पलीकडे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. "तुमाला यादी दिसती ते मला म्हाईत हाय, पप्पा," तो म्हणाला. "ॲप मीच टाकून दिलतं तुमाला. माझ्या फोनला भरपूर नेट हाय. तुमच्या वायफायची गरज न्हवती मला."

मी टाकीला हात टेकवला. ती गार होती, नुकतीच भरलेली.

"पासवर्ड कॅलेंडरच्या मागं लिवलाय," तो म्हणाला. "आईला म्हाईत हाय की. ह्या वर्षीच्या नव्या कॅलेंडरवर बी तिनंच लिवून घेतलाय माझ्याकडनं."

मी खाली आलो. कॅलेंडर खिळ्यावरून काढून उलटं केलं. मागच्या पुठ्ठ्यावर त्याच्या अक्षरात, आठ आकडे आणि अक्षरं, खाली रेघ मारलेली. बायको माझं निवलेलं ताट गरम करत होती. फोन अजून चालू होता.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली, वळून न बघता. "तुमी मलाच इचारत बसला. मला कशाला इचारायचं?"

मी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. फोन कानाला लावला. तो अजून होता.

"आता पाणी गुरुवारी," मी म्हणालो. "मी रजा टाकतोय. तरी ये."