युती नाही म्हणजे नाही!

पक्षाच्या ऑफिसात काम कमी आणि चहा फार, त्यामुळे किस्से आपोआप साठतात. नव्वदच्या दशकात आमचं ऑफिस वसईजवळच्या पापडीत, डॉमनिक सरांच्या ओट्यावर होतं. आता तिथून गेले की एकेक आठवतो. हसू येतं, आणि मग येत नाही.

सर रिटायर्ड शिक्षक, नगरपालिकेला आमचे उमेदवार, निशाणी छत्री. त्यांचा जिवलग मित्र यशवंत उभा होता ‘गाववाल्यां’कडून, निशाणी शिडी. आधी गाव, मग बाकीचे, हा त्यांचा खाक्या. दोघांच्या बागायती वाड्यांना विहीर एकच. विहिरी उपसणारे टँकर दोघांनी मिळून रस्त्यात आडवं बसून अडवले होते. आणि तिसरा उमेदवार कोण? टँकरवाला! तो निवडून आला तर वाड्या सुकणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

*

मुंबईहून आमचे नेते आले. माईक धरून गरजले, “असल्या संकुचित लोकांशी युती नाही म्हणजे नाही!” टाळ्यांसाठी थांबले.

शेवटी मागून यशवंत उठला. “साहेब, तुमचं चालू द्या. खुर्च्या आमच्या घरच्या आहेत, सावकाश बसा!”

*

युतीला परवानगी मिळावी म्हणून सरांनी मुंबईला खेपा घातल्या. एकदा मीही सोबत होते. तासन्‌तास ताटकळल्यावर साहेब म्हणाले, “मास्तर, पक्षाचं धोरण लोकांना नीट समजावून सांगा.”

सर म्हणाले, “त्यांना समजलंय साहेब. तीच तर भीती आहे!”

परतताना साहेबांचा मला इतका संताप आला होता!

*

सर आणि मी प्रचाराला आळीतल्या फिलोमावशीकडे गेलो. मावशी भाजीची टोपली बाजूला सारून म्हणाली, “ह्याला देऊ का त्याला, हे मला विचारता? टँकरपुढं दोघं एकत्र बसलेलात ना?”

मी आपली शहाणी! “मावशी, ते वेगळं. हा विचारसरणीचा प्रश्न आहे.”

“बरं. मग इहिरीचं पानी पन वाटून घेतलं का?”

सर जे उठले ते थेट फाटकाबाहेर. मी चपला शोधत राहिले.

*

आमच्या नव्या बिल्डिंगीत मात्र वेगळीच हवा. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला सरबत दिलं. “युती केली नाहीत, फार छान झालं हो! ते गाववाले आम्हाला उपरे म्हणतात.”

मला हुरूप आला. “मग मत छत्रीलाच ना?”

“छे हो, टँकरला! आमच्या टाकीत पाणी त्याचंच येतं.”

मी सरबत संपवलं. काय करणार? माझ्याही टाकीत त्याचंच येत होतं.

*

मतमोजणीला मी सरांची एजंट होते. तेव्हा कागदी मतपत्रिका, त्यावर शिक्का. थोड्या मतांनी हरलो. टँकरवाला आला, यशवंत तिसरा.

पण माझं लक्ष बाद मतांच्या गठ्ठ्याकडे होतं. अधिकारी एकेक पत्रिका दाखवत होते. एक शिक्का छत्रीवर, एक शिडीवर. दोन्ही अगदी चौकटीत, जपून मारलेले. “बाद.” पुढची, तशीच. “बाद.” गठ्ठा वाढत गेला. आम्ही जितक्या मतांनी हरलो त्याच्या कितीतरी पट मोठा!

ओट्यावर आले तर यशवंत सरांच्या शेजारी येऊन बसलेला. बाहेर फटाके वाजत होते. मी गठ्ठ्याचं सांगितलं. सर नुसते चष्मा पुसत होते.

एवढ्यात फाटक वाजलं. फिलोमावशी! अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात वाडीतल्या मोगऱ्याचे दोन हार.

“फटाके ऐकले, तशीच आली! दोघं आलात ना रे निवडून?”

मावशीनं एक हार सरांच्या गळ्यात घातला, दुसरा यशवंतच्या. मग जरा मागं सरून दोघांकडे डोळे भरून पाहिलं.

“अख्ख्या आळीला मीच शिकवलं, दोन शिक्के मारायचे म्हनून. तुमच्या सायबांना जमेना, मग आमीच केली युती!”